तीन देवळं, एक संडास

बाबांना मसाट गावच्या धाग्याच्या कंपनीत काम मिळालं आणि आम्ही नंदुरबारकडून इकडं आलो. एका खोलीत सगळं घर. ठेकेदाराच्या मनात आलं की बाबांना घरी बसवायचा. मग आई शेजारच्या अथालला लोकांची भांडी घासायची आणि आम्ही पेज पिऊन शाळेत जायचो. त्या दिवसांत हक्काची जागा एकच, गावाबाहेरचं देऊळ. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो.

पहिलं देऊळ कुडाचं होतं. त्याच्या भिंती दर वर्षी आई आणि इतर बाया शेणामातीनं लिंपायच्या. दुसरं पत्र्याचं. पावसात पाळकसाहेबांचा उपदेश कुणाला ऐकू यायचा नाही, आणि त्याबद्दल फारशी तक्रारही नव्हती. तिसरं पक्कं, स्लॅबचं, वर मनोरा असलेलं.

तीन देवळं झाली, पण बायकांसाठी संडास एकदाही झाला नाही. आधी मागं झाडी होती, भागायचं. तिथं कारखान्यांच्या भिंती आल्या. आई रविवारी सकाळी पाणीच प्यायची नाही. पुढं तिला शुगर झाली आणि तेही जमेना. ती उपासना अर्धी टाकून घरी यायला लागली. मग जाणंच सोडलं. जिनं त्या भिंती लिंपल्या, तिनं!

आमची मंडळी, म्हणजे देवळाचे सगळे सभासद, प्रेसबिटेरियन पंथाची. म्हणजे कारभार पाळक एकटे करत नाहीत. मंडळी ज्यांना निवडून देते त्यांना 'वडील' म्हणतात, ते ठरवतात. सगळे पुरुष. मी घराण्यातली पहिली बी.ए. झाले आणि त्यांच्या बैठकीत जाऊन संडासाचं विचारलं.

"बेटा, आधी मनोऱ्याचा रंग होऊ दे," सगळ्यांत जुने वडील म्हणाले.

"काका, मनोऱ्याला जायला लागत नाही."

कुणी हसलं नाही. पुढच्या वर्षी कंपाउंडची भिंत आधी. त्याच्या पुढच्या वर्षी पेव्हर ब्लॉक. दर वेळी "बघू हां, चालू आहे आपलं." काय चालू होतं, देवाला ठाऊक! माणसांना एवढी साधी गोष्ट किती वेळा सांगायची?

मग नवे वडील निवडायची सभा आली. मी उठून आईचं नाव सुचवलं. एकच गलका झाला.

"बाई वडील कशी होईल?" जुने वडील म्हणाले. "शब्दच बघ ना. वडील म्हणजे बाप."

"मंडळीचे नियम मी वाचलेत, काका. पुरुषच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही."

"नियमात नसेल, मराठीत आहे!"

तेवढ्यात मागून बाबा ओरडले, "दादा, आमच्या घरात बाप मी आहे, पण वडील तीच आहे. मला इचारा ना!"

बायका खो खो हसल्या. त्या दिवशी निम्मे पुरुष कंपनीत शिफ्टला होते. हात वर करा म्हटल्यावर बायकांचेच हात जास्त भरले.

आईच्या पहिल्याच बैठकीत जुन्या वडिलांनी पुन्हा सुरू केलं, "ताई, संडासाचं बघू आपण."

"भाऊ, बांधायचा का ते मी इचारतच नाही," आई म्हणाली. "कुठं बांधायचा तेवढं बोला."

देवळाच्या मागं बायकांचा संडास बांधून झाला आहे, टाकी आणि नळासकट. आई रविवारी शेवटच्या प्रार्थनेपर्यंत बसते.