बाद अर्जांचा गठ्ठा मागणारे सर

प्रा. नगराळे सरांनी पंचाहत्तरी पूर्ण केली. त्यानिमित्त आमच्या वसतिगृहाच्या माजी विद्यार्थी मंडळाने हा गौरवग्रंथ आणि सरांच्या नावाची शिष्यवृत्ती ठरवली. मी लेख लिहिणार नव्हते. पण पहिली शिष्यवृत्ती सरांनी वशिल्याने मिळवून दिली, अशी कुजबुज मंडळात सुरू आहे. निवड समितीची अध्यक्ष मी होते. चूक माझी होती. ती लिहिणे भाग आहे.

सरांना मी प्रथम पाहिले ते फीमाफीच्या मुलाखतीत. मी पहिल्या वर्षाला होते. समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारले, "घरी काय अडचण आहे, जरा सविस्तर सांगा." मी गप्प. पुन्हा विचारले, तरी गप्प. टोकाच्या खुर्चीवरचे तरुण नगराळे सर म्हणाले, "उत्पन्नाचा दाखला जोडला आहे ना? मग जाऊ द्या तिले तासाले." मी तासाला गेले. फी माफ झाली.

पुढे त्यांनी आम्हाला भौतिकशास्त्र शिकवले. उत्तरपत्रिका तपासून झाल्या की नापासांचा गठ्ठा ते पुन्हा पहिल्यापासून तपासत. त्यातून पास होणारे थोडेच, पण आपले कुठे चुकले ते प्रत्येकाला कळे. मुख्याध्यापिका झाल्यावर मी हीच पद्धत माझ्या शाळेत ठेवली. निवृत्तीनंतर मात्र विसरले.

शिष्यवृत्ती जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी सर प्रताप नगरला माझ्या घरी आले. कोणाची निवड झाली, हे विचारलेच नाही. "बाद केलेले अर्ज दाखव," म्हणाले.

कन्हानच्या प्रणालीचा अर्ज त्यांनी बाजूला काढला. गुण सर्वांत जास्त, दाखला जोडलेला. 'आपल्या हलाखीचे वर्णन दहा ओळींत करा' हा रकाना कोरा. खाली माझा शेरा : अपूर्ण, बाद. अंतिम वर्षाची फी भरायला तिच्याकडे चार दिवस उरले होते.

"हा रकाना कोणं टाकला?"

"मीच."

"काहून वं पुष्पा? तू तरी बोलली होती काय?"

"नियम सगळ्यांना सारखा, सर."

"मग सारखाच लाव ना. मी काय तिले निवड म्हणून राहिलो? तो रकाना खोड अन् सगळे अर्ज पुन्हा पाह्य. आणि चहा ठेव. शेरे मारता मारता पाहुण्याले विसरली."

समिती पुन्हा बसली. रकाना वगळून सगळे अर्ज नव्याने पाहिले. प्रणाली पहिली आली. त्या बैठकीला सर नव्हते. याला वशिला म्हणायचे असेल, तर तो सर्वांत आधी मला मिळाला आहे.

सर आजही पुस्तके आणायला स्कूटरने सीताबर्डीला जातात. त्यांच्या डोळ्यांनी आणि गुडघ्यांनी त्यांना अशीच साथ द्यावी, आणि आमचे गठ्ठे उलटवायला त्यांनी पुष्कळ वर्षे येत राहावे.

शिष्यवृत्ती मुदतीच्या आत महाविद्यालयाच्या कार्यालयात दिली. मंचावर द्यायची नाही, असे सरांनी बजावले होते. पोचपावती हातात घेऊन प्रणालीने विचारले, "मॅडम, यात घरचं काही लिहा लागते का?"

"नाही. फक्त सही."

तिला दिले : अंतिम वर्षाची फी भरल्याची पावती, प्रयोगशाळेचा एप्रन, भौतिकशास्त्राची दोन पुस्तके. सही घेतली.