कागदावरची दारू

"किती पितोस रे?"

डॉक्टरनं माझ्या मनगटाचा फोटो उजेडासमोर धरला होता. मागं शिकणारी सात-आठ पोरं-पोरी. पितोस का, असं विचारलं नाही. किती, ते विचारलं. डॉक्टर माझ्या धाकट्या लेकीच्या वयाचा. मी सत्तरीला टेकलेला.

न्हाणीत पाय सरकला, हात टेकला, एवढंच झालं होतं. तेवढ्यानं मनगट मोडलं. हाडं कशी भुसभुशीत झालीत ते तो पोरांना इंग्रजीत सांगत होता. मग मराठीत मला म्हणाला, "बोल की. तुमच्या वस्तीतलं कोण सुकं असतंय?"

पोरं हसली.

मी उभ्या जन्मात दारूला शिवलो नाही. दर पौर्णिमेला विहारात पंचशील घेतो. पाचवं शील दारूचंच. ते मी कधी मोडलं नाही, याचा मला लई गर्व.

तरी मी म्हणालो, "व्हय. पितो थोडी."

का म्हणालो? खरं सांगायचं तर संडासाचं सांगावं लागलं असतं. तीस वर्षं झाली, मला आतड्याचा आजार आहे. दिवसातनं आठ-दहा वेळा जावं लागतं, रक्त पडतं. त्या पोरींसमोर ते जिभेवर येईना. दारुडा म्हणवून घेणं सोपं वाटलं.

ही लाज मला कारखान्यात लागली. भवानी पेठेत मी चार माग सांभाळायचो, टॉवेलचे. मी संडासाला गेलो की शेजारचा गडी माझे माग बघायचा. एकदा त्याचं ध्यान चुकलं, धागा तुटला, कापड खराब निघालं. मालकानं सगळे माग बंद करायला लावले. त्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नसतंय. सगळं गप झाल्यावर तो म्हणाला, "ह्या हागऱ्यानं कापड घालवलं." त्या दिवसापासनं तेच माझं नाव. मी गिळलं. माझ्या लेकी लहान होत्या.

मग एका डॉक्टरनं बारीक गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांत रक्त थांबलं. महिन्यानं परत ये म्हणाला होता. कोण जातंय? तीच जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातनं गोळ्या आणत राहिलो. रक्त दिसलं की चालू, थांबलं की बंद. अशी किती वर्षं गेली. दूध सोसत नव्हतं, ते सोडलं. पाठीत बाक आला, त्याला वय म्हणालो.

प्लास्टर घालून घरी आलो तर लेकीनं कागद वाचला. "बाबा, हितं दारूचं व्यसन लिवलंय."

बायको भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "तुमी पिता?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं परत विचारलं नाही, पण माझ्याकडं बघितलंही नाही.

पौर्णिमेला विहारात पाचवं शील आलं अन् माझं तोंड उघडेना. दारू न पिता ते शील मी कागदावर मोडलं होतं. शेजारी बायको मोठ्यानं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी एकटाच दवाखान्यात गेलो. तोच डॉक्टर, तीच पोरं. गोळ्यांची रिकामी पाकिटं अन् ती चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"मी दारू पीत न्हाय. त्या दिवशी खोटं बोललो. मला तीस वर्षं संडासातनं रक्त पडतंय. ह्या गोळ्या खाल्ल्या. ते लिवा. दारू खोडा. अन् मला अहो म्हणा."

कुणी हसलं नाही. एका पोरीनं पाकीट उचललं, वाचलं. म्हणाली, "आजोबा, हा आजारही हाडं खातो आणि ही गोळीही खाते. पण आता एकदम बंद करू नका. हाडांची तपासणी करावी लागेल."

डॉक्टर म्हणाला, "हे आधी सांगायचं ना."

"तुमी इचारलं कुटं?"

त्यानं दारू खोडली. माफी मागितली नाही. झिजलेली हाडं तर भरून येत नाहीत, थोडी सावरतील म्हणाले.

खोटं बोललो त्याची लाज माझी, ती मी बाळगीन. आजाराची बाळगणार नाही. आता कुठल्याही रांगेत, बायामाणसांत, मालक उभा असला तरी, रक्त पडतं असंच मोठ्यानं सांगणार. अन् काय लिहिलं ते वाचून दाखवा म्हणणार. तोवर समोरनं उठणार नाही.