शेजारणीवर घातलेला गोल

समोरच्या फ्लॅटमधल्या आमच्या नायजेरियन शेजारणीला चुकवून पुढे जाणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. इथे आखातातल्या एका क्लबच्या महिला फुटबॉल संघात ती बचावफळीत खेळायची, पण तिचा बचाव मैदानाबाहेरही चालूच असायचा. सुपरमार्केटच्या रांगेत कुणी मधेच ट्रॉली घुसवू लागला, की ती नुसती अर्धं पाऊल सरकायची आणि तो गृहस्थ मुकाट्याने मागे जायचा. लिफ्टकडे सुसाट पळणारे आमचे चिरंजीव तिच्यापुढे थबकून "सॉरी, आंटी" म्हणायचे. आम्हाला त्यांनी आजवर सॉरी म्हटलेलं नाही.

मागच्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लब गुडघा तपासून कराराचं ठरवणार होता, आणि करार गेला की व्हिसाही खलास. त्याआधी सरावासाठी समोरून कुणीतरी चेंडू घेऊन यायला हवं होतं. तिची नजर नेमकी माझ्यावर पडली. पन्नाशी गाठलेली, पोट पट्ट्याला न जुमानणारं आणि खेळाचा अनुभव कॅरमपुरता. "अंकल, तुम्ही फक्त मला चुकवून जा," ती म्हणाली. मग आम्ही राहतो त्या अल रीम बेटावरच्या पार्कात रोज सकाळी मी चेंडू घेऊन निघायचो आणि चेंडूशिवाय पोचायचो. "यल्ला, चला अंकल, पुन्हा," एवढंच ती म्हणे. बाळांना फिरवायला आलेल्या आया थांबून माझी फजिती बघत.

एका सकाळी मला जायचं होतं उजवीकडे, पण पाय गेले डावीकडे आणि मी चक्क तिच्या पलीकडे पोचलो. गोलपोस्ट म्हणून ठेवलेल्या दोन चपलांमधून चेंडू पार झाला. मागे वळून बघण्याचंही भान राहिलं नाही. तसाच घरी धावलो आणि बायकोला उठवलं.

"पण ती चुकली कशी?" बायको म्हणाली.

"माझा वेग," मी म्हणालो. पुण्याहून आलेला पेढ्यांचा डबा उघडला, एक देवापुढे ठेवला, एक वॉचमनला दिला आणि डबा घेऊन पार्कात परतलो.

ती गवतावर बसली होती, गुडघा दोन्ही हातांत धरून. तरीही मला कळलं नाही. मी डबा पुढे केला. "आमच्यात आनंद झाला की पेढे वाटतात."

तिने एक घेतला आणि सावकाश खाल्ला. "छान गोल होता, अंकल," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "गुडघा वळलाच नाही."

करार झाला नाही. महिन्याभरात ती लागोसला परतली. माझ्या आयुष्यातला तो एकुलता एक गोल, आणि तो तिने अडवायला हवा होता असं मला फार वाटतं.