कावळकड्यावर बुर्गल का उठली

ग्रुबवाल्यांची बुर्गल कावळकड्यावर घाबरली, ही बातमी शर्यत संपायच्या आधीच डोंगराच्या तळाला पोचली होती. बातमीला स्की लागत नाही. संध्याकाळपर्यंत तिला पिल्लंही झाली. खानावळवाल्या रोझालियाचं म्हणणं, पोरीला दिवस गेलेत, म्हणून जपून उतरली. सुतार म्हणाला, वर चढताना तिने मुळांच्या दारूचे दोन घोट मारले होते. पाद्रीबुवा म्हणाले, कुणाबद्दल वाईट बोलू नये, आणि पुढे वाकून हळूच विचारते झाले, "दोनच?" नऊ महिने उलटले, पाळणा काही हलला नाही, दारूची गोष्टही शिळी झाली. भीती तेवढी उरली. भीतीला पुरावा लागत नाही.

ग्रुब हे शेताचं नाव. त्यांचं आडनाव फक्त पोस्टमनला ठाऊक. बुर्गल सात वर्षांची असताना आई गेली, आणि बाप कोर्बिनियानने सकाळचं दूध पोरीच्या पाठीवर बांधलं. पाठीवर बरणी, पायाखाली स्की, आणि खाली डेअरीपर्यंत तीव्र उतार. थेंब सांडला की संध्याकाळी बोलणी. पुढे ही पोर राष्ट्रीय संघात गेली तेव्हा शहरातले प्रशिक्षक तोंडात बोट घालून बघत राहिले, की शंभराच्या वेगात हिची पाठ टेबलासारखी सपाट राहते कशी! आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं: दूध सांडू नये म्हणून.

सहा हिवाळे ती पळाली. दोन मोठ्या शर्यती जिंकल्या, गुडघ्यात एक स्क्रू बसवून घेतला. त्यांच्या स्की वापरते म्हणून स्कीच्या कारखान्याचा पगार सुरू झाला, त्यातून घरी दूध काढायचं यंत्र आलं. ती घरी असली की बाप स्वयंपाकघरात आईच्या जुन्या इस्त्रीने तिच्या स्कीला मेण लावायचा. त्या दिवशी डम्पलिंगना मेणाचा वास यायचा आणि दोघंही मुकाट्याने खायचे.

मग आलं ते ऑलिम्पिकचं वर्ष. जपानला जायचं होतं. संघात जागा चार, तीन ठरलेल्या. चौथी बुर्गलची, नाहीतर पलीकडच्या खोऱ्यातल्या लुडविनाची; आणि निवडीची शर्यत आमच्याच डोंगरावर! तीन दिवस अख्खा गाव पायाला पाय लावून बर्फ तुडवत होता. कावळकड्यावर वायरलेस दिला कोर्बिनियानकडे. तिथे जमीन अचानक संपते आणि आपण कुठे उतरणार ते उडी मारेपर्यंत दिसत नाही. म्हणून कड्यावरचा माणूस पुढच्या मुलींना बघतो आणि वर निरोप देतो. वरची मुलगी यंत्र कानाला लावते, ऐकते आणि तशी सुटते. आमच्याकडे गाय विकताना खोटं बोलतात, पाद्रीबुवांपुढे गुडघे टेकूनही बोलतात. कड्यावरच्या निरोपात कुणी बोलत नाही. त्यावर माणसाची मान असते.

बुर्गलचा नंबर अकरा.

"बुर्गल, कड्याच्या आधी उठ," बापाचा आवाज आला. "उतरायच्या जागी निळा बर्फ उघडा पडलाय, काचेसारखा."

"उठते, बाबा."

ती उठली. वेगासाठी वाकवलेलं अंग उलगडलं, छातीवर वारा घेतला, वेग मारला आणि अलगद उतरली. पायाखाली लागला तो मऊ पांढरा बर्फ. निळा कुठेच दिसला नाही. खाली पोचली तेव्हा वेळ बरी होती. पण तिच्यामागून बाराव्या नंबरची लुडविना आली, ती अठरा शतांश सेकंद कमी वेळात.

प्रशिक्षक ओरडत आला. "का उठलीस? डोळे मिटून उडी मारतेस ना तू इथे, लहानपणापासून?"

बुर्गलने वर कड्याकडे पाहिलं. बाप ठिपक्याएवढा दिसत होता. तिला वाटलं, म्हाताऱ्याची नजर चुकली. खरं सांगितलं तर गाव त्याला जन्मभर कच्चा खाईल.

"घाबरले," ती म्हणाली.

झालं. बातमीवर मालकिणीचाच शिक्का बसला.

लुडविना जपानला गेली. वसंतात कारखान्याचं पत्र आलं, दोन ओळींचं: पगार बंद. बुर्गलने स्की गोठ्याच्या आढ्याला अडकवल्या आणि धारेला बसली. पोरं तिच्या पाठीमागे "उठ, बुर्गल, उठ!" म्हणून हसायची. तीही हसायची.

एकोणीस वर्षं गेली. एका उन्हाळ्यात ती वरच्या कुरणावर गाई घेऊन राहिली होती, तेव्हा लुडविना आली. चांगली जाडजूड झालेली, बुटांना शेण लागू नये म्हणून टाचांवर चालत. ताक प्यायली, चीज खाल्लं, आणि न राहवून म्हणाली, "इतकी वर्षं विचारायचं होतं गं. का उठलीस तू?"

"निळा बर्फ होता."

"कुठला निळा बर्फ? तुझ्यामागे मीच होते. तुझे बाबा मला म्हणाले, सरळ सोड पोरी, सकाळपासून मऊच आहे, फावडंसुद्धा लावावं लागलं नाही."

बुर्गलने तिला आणखी ताक वाढलं.

रविवारी ती पावासाठी खाली घरी गेली. बाप शेकोटीजवळच्या बाकावर लाकडाचा चमचा कोरत बसला होता.

"बाबा, कड्यावर निळा बर्फ होता?"

सुरी थांबली. तो म्हणाला, "अकरा गाई होत्या. मुलगा नाही मला. तू जपानला गेली असतीस तर परत आली असतीस का?"

"आले असते."

"नसतीस."

"आले असते, बाबा. पदक आढ्याला अडकवलं असतं आणि तुमच्याच गाईंच्या धारा काढल्या असत्या."

"उठ म्हटल्याने कुणाची मान मोडत नाही," म्हातारा पुटपुटला.

"मी घाबरले म्हणून सांगितलं. तुमची चूक झाकायला."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला आणि चमच्याकडे बघू लागला. "तेव्हाच कळलं होतं."

तिने पाव फडक्यात बांधला आणि वर गेली.

सप्टेंबरात गाई कुरणावरून खाली आणतात. उन्हाळा धड गेला असेल तर त्यांच्या शिंगांना फुलं, फांद्या, आरसे बांधतात. घरात कुणी गेलं, किंवा एखादं जनावर दगावलं, तर गाई उघड्याच उतरतात. त्या वर्षी ग्रुबच्या गाई उघड्या उतरल्या. एका शिंगाला एक फूल नाही. रोझालिया खानावळीतून धावत आली.

"अगं बुर्गल, कोण गेलं?"

"आमच्या घरातलं एक."

"जनावर?"

"नाही. जनावरं सगळी धड आहेत."

"मग? बाप तर तुझा दारातल्या बाकावर बसलाय! चांगला जिवंत आहे की!"

"हो," बुर्गल म्हणाली. "बसलाय."

म्हाताऱ्याने उघडी शिंगं पाहिली, मोजून अकरा जोड्या, आणि टोपी काढली. मेलेल्याच्या घरापुढून जाताना काढतात तशी. त्यानंतर तो चार वर्षं जगला. बुर्गलने त्याला वेळेवर जेवायला घातलं, औषध दिलं. मेणाची इस्त्री मात्र भंगारवाल्याला देऊन टाकली. रोझालियाने नवी बातमी उठवली की ग्रुबच्या बुर्गलला म्हातारपणाआधीच भ्रम झालाय, जिवंत बापाचं सुतक पाळते. सुताराने त्यात थोडी दारूही घातली, सवयीने.

बुर्गल कावळकड्यावर घाबरली नव्हती. निळा बर्फ नव्हता. ती घरी राहावी म्हणून तिच्या बापाने खोटा निरोप दिला.