पॅराशूटला वास येतो

पॅराशूट म्हणजे सात रंगांच्या फाकी जोडून शिवलेलं मोठं गोल कापड, कडेला धरायला पट्ट्या. भाईंदर पूर्वेला आमच्या प्लेग्रुपमध्ये ते आलं आणि पोरं बाकीचे खेळ विसरली. गोल उभं राहून पट्ट्या धरायच्या, एकदम वर उचलायचं, हवा भरली की कड पाठीमागून खाली ओढायची आणि तिच्यावर बसायचं. सगळे तंबूच्या आत. त्यासाठी गाणं मीच जुळवलं होतं:

उचला उचला, वर वर वर,
बांधू वाऱ्याचं मोठं घर.
दार लावा, बसा आत,
कोण राहिलं बाहेर? द्या हात!

कवितेच्या नावाने बोंब आहे, ठाऊक आहे मला. पण साडेतीन वर्षांच्या पोरांना ताल लागतो, बाकी काही नाही.

तर एके दिवशी सुटताना एका आईने मला फाटकाशी अडवलं. "टीचर, पॅराशूटसे स्मेल आता है."

मी म्हटलं, कालच धुतलंय. तर म्हणते, "कपडे का नहीं. वो बच्ची पकडती है ना, उसके हाथ का." आणि हनुवटीने दाखवलं कोणाकडे, तर इथल्या जुन्या खारीगावातून येणाऱ्या आमच्या एका चिमुरडीकडे. तिची आजी बाजारात सुके बोंबील आणि सुकट विकते. सकाळी नातीला सोडायची आणि तशीच टोपली घेऊन पुढे जायची.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अगं बाई, ही माणसं इथे मिठागरं होती तेव्हापासून राहतायत. तू परवा चौथ्या माळ्यावर सामान चढवलंस आणि आज तुला एवढ्याशा पोरीच्या हाताला वास येतो? नाक आहे की काय आहे! हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "देखती हूँ."

प्लेग्रुप चालवणाऱ्या मॅडमकडे गेले, तर तक्रार माझ्याआधी तिथे पोचलेली. "तिच्या बिल्डिंगमधून चार ॲडमिशन आल्यात," मॅडम म्हणाल्या. "ॲडजस्ट करा ना काहीतरी. मुलीला न दुखवता."

न दुखवता! डोंबल. आणि मी तरी कोण मोठी लागून गेले? मी रत्नागिरीकडची, घरात आठवड्यातून चारदा मासळी शिजते. पण पहिल्याच आठवड्यात मॅडमनी माझा डबा बघून नाक मुरडलं, तेव्हापासून मी शाळेत बटाट्याची भाजीच नेत आले. शेपूट घालायची सवय जुनीच.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला म्हटलं, "तुझा आवाज सगळ्यांत छान. आजपासून तू आमची लीडर. तू इथे उभी राहून गाणं म्हण, बाकीचे उचलतील." ती भिंतीशी उभी राहिली आणि खणखणीत म्हणू लागली. शेवटच्या ओळीला पोरं खिदळत तंबूत शिरायची आणि ही बाहेर एकटी. बाहेरून आम्हाला नुसता तिचा आवाज यायचा. मी मात्र स्वतःवर खूश होते. पोरीला कळलंसुद्धा नाही, आणि ती आईही गप्प झाली.

एकदा आजी लवकर घ्यायला आली. दारातूनच म्हणाली, "बाई, माझी पोर भायेर का उभी हाय?"

"लीडर आहे ती, आजी. गाणं तीच म्हणते."

"आसं हाय काय!" म्हातारी अशी हरखली, की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशीही पोर भिंतीशीच.

मग दोनेक आठवड्यांनी त्या तक्रारवाल्या आईची मुलगी ताप आला म्हणून घरी राहिली. लगेच मला शौर्य चढलं! मी हाक मारली, "ये गं, आज तू पण धर. ही लाल पट्टी तुझी."

मला वाटलं, धावत येईल. ती आधी बेसिनकडे गेली. चवड्यांवर उभी राहून तिने साबण घेतला, बोटांच्या मधे मधे चोळला, पुन्हा घेतला, पुन्हा चोळला. हात फ्रॉकला पुसले. सगळी पोरं पट्ट्या धरून ताटकळत होती. ती सरळ माझ्याकडे आली आणि दोन्ही तळवे तिने माझ्या तोंडासमोर धरले.

"वास घ्या, टीचर. आज नाही येत."

मी तिच्यासमोर चकार शब्द काढला नव्हता. कोणीच काढला नव्हता. ‘कसला वास गं, वेडे’ म्हणून तिला पोटाशी धरायला हवं होतं, एवढंही मला सुचलं नाही. मी वाकले, खरोखर वास घेतला आणि म्हटलं, "नाही येत. जा, धर."