जांघेतली रिकामी जागा

अवसरी बुद्रुकला आईकडं गेले, तेव्हा ती खोकताना एक हात जांघेवर दाबून धरत होती. विचारलं, तर म्हणाली पाय धरलाय. मी शाळेत विज्ञान शिकवते. पाय असा धरत नाही, एवढं मला कळतं. खोदून विचारल्यावर तिनं कुजबुजत सांगितलं, की जांघेत लिंबाएवढी गाठ येते, आडवं झालं की जाते. कधीपासून, तर कांदा लागणीपासून. आता कांदा काढून साठवणीच्या चाळीत पडला होता, म्हणजे चार महिने तरी झाले होते.

आळेफाट्याला दाखवायचं ठरलं. तिची अट एकच, डॉक्टर बाईच पाहिजे. तशा मिळाल्या. त्यांनी तपासलं आणि कागदावर कमरेचं हाड, मांडी असं काढून दाखवलं. जांघेतल्या पट्ट्याखालून एक वाट पोटातून मांडीत उतरते. तिथून रक्ताची धमनी जाते, तिला लागून शीर, आणि शिरेच्या आतल्या अंगाला करंगळीचं टोक मावेल एवढी पोकळी उरते. आईचं आतडं त्या पोकळीत शिरत होतं. असा मांडीत उतरणारा हर्निया पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. आतडं अडकलं तर जिवावर बेततं, म्हणून ऑपरेशन लवकर करा, असं त्यांनी बजावलं.

मी लगेच ऑपरेशनची तारीख विचारली. आई मात्र चित्रात गुंतली होती.

"पण बाई, ती जागा रिकामी ठिवलीच कशाला?"

शेजारची शीर कधी कधी फुगते, तिला पसरायला जागा लागते, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"मग बराबर हाये," आई म्हणाली. "आतड्याचंच चुकलं."

ऑपरेशन नीट झालं. घरी भेटायला बायका आल्या, की आई आधी पुरुषांना ओसरीवर काढायची आणि लग्नपत्रिकेच्या पाठीमागं तीच वाट काढून दाखवायची. जांघ हा जो शब्द तिनं मलासुद्धा कुजबुजत सांगितला होता, तो आता खणखणीत आवाजात चालला होता. एकदा सगळ्या उठल्या तरी शेजारच्या काकू बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाबी हाये गाठ. कुनाला बोलले न्हाई."

आईचे टाके दाखवायला निघालो, तेव्हा काकूंनाही गाडीत घेतलं. डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि मग त्यांच्या पायाचा तळवा बघितला. काटा मोडून पिकला होता, त्याचंच जांघेत अवधाण, म्हणजे सुजेची गाठ, आलं होतं. गोळ्यांनी बरं होईल म्हणाल्या. काकूंना रडू आलं. आई जराशी हिरमुसली. तिनं इतकं समजावून सांगितलेलं सगळं वाया गेलं होतं.

परतताना काकूंनी फाट्यावर आम्हाला मिसळ खाऊ घातली. डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं नाही, हे आईनं न विचारता सांगितलं आणि वरून तर्री मागवली.