सात नंबरचं पेडल

टोलनाक्यावर माणसाला नाव नसतं, नंबर असतो. ती अकरा वर्षं सात नंबरच्या लेनमध्ये बसत होती, म्हणून सगळे तिला सातवाल्या बाई म्हणत. बसायची जागा म्हणजे काचेची खोली. खोली कसली, उभं कपाटच ते. एक फिरती खुर्ची, एक स्क्रीन, एक सरकती खिडकी, आणि दार उघडायचं तर आधी खुर्ची भिंतीला ढकलून अंग चोरून उभं राहायचं. शिफ्ट सुरू झाली की बदली माणूस आल्याशिवाय उठायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे बाई पाणीसुद्धा बेतानं प्यायच्या.

टेबलाखाली एक लोखंडी पेडल होतं. ॲम्ब्युलन्स आली तर ते दाबून धरायचं, म्हणजे समोरचा आडवा दांडा वर जातो आणि वरच राहतो. एरवी दांडा आपला आपण चालतो. गाडीच्या काचेवरचा टॅग वाचला की वर, गाडी पुढच्या तारेवरून गेली की खाली. ही तार रस्त्यात पुरलेली. तिला मोटार कळते, ट्रक कळतो, पण मोटारसायकल काही कळत नाही. मोटारीच्या मागोमाग मोटारसायकल आली, तर दांड्याच्या लेखी तिथे कोणीच नसतं.

दुचाकींना टोल नव्हता. पूर्वी त्यांना कडेनं वेगळी वाट होती. तिथून छोटे टेम्पो चोरून निसटायला लागले, तेव्हा वरच्या साहेबांनी त्या वाटेत सिमेंटचे ठोकळे टाकले आणि दुचाक्या सात नंबरमध्ये घुसवल्या. टेम्पो थांबले, साहेब खूश झाले. दांडा आता माणसांच्या डोक्यावर आला होता, त्याचं सोयरसुतक कुणालाच नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात दांडा एकाच्या खांद्याला चाटून गेला आणि बाईंनी पेडलवर पाय ठेवला. मोटारीमागे हेल्मेट दिसलं की पाय खाली, शेवटचं हेल्मेट गेलं की पाय वर. पेडलची नोंद कुठे होत नसे, म्हणून विचारणारंही कोणी नव्हतं. सकाळची आठ ते अकराची गर्दी रोज त्याच माणसांची. दोन वर्षं त्यांनी या गर्दीला असं पायावर तोलून पलीकडे सोडलं. रविवारी गर्दी नसे, आणि बाईंची रजा असली की माणूसच नाही म्हणून सात नंबर बंद ठेवत. मग दुचाक्या सहामधून जात, ब्रेक दाबत, घाबरत घाबरत.

बाईंना या कामाचा अभिमान होता. कुणाला सांगितलं नाही हे खरं, पण मनातल्या मनात त्या स्वतःची पाठ थोपटून घेत. नाक्यावरचं बाकी कुठलं काम अभिमान वाटावा असं होतं म्हणा!

पायानं मात्र दाद मागायला सुरुवात केली. उजवा घोटा संध्याकाळी असा सुजायचा की चप्पल चढेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे बसणं थांबवा, नाहीतर काठी घ्यावी लागेल. बाईंनी ऑफिसात बदली मागितली. दोन अर्ज कुठल्या कपाटात गेले ते कपाटालाच ठाऊक. तिसरा मंजूर झाला. पहिल्या तारखेपासून ऑफिस, पंखा, सरळ पाठीची खुर्ची, आणि मनात येईल तेव्हा उठता येईल असं दार.

मॅनेजरना बाहेर जायचं होतं, म्हणून बदलीच्या कागदावर सही करायला बाईंना साडेनऊलाच बोलावणं आलं. सात नंबरवर बाईंच्या जागी येणार होती ती नवी मुलगी आजपासूनच शिकायला आली होती. बाई तिला म्हणाल्या, दहा मिनिटं बस. पेडलचं सांगायचं राहून गेलं. दोन वर्षांची सवय. आपण पाय दाबतो हे त्यांचं त्यांनाही आठवत नसे.

सही झाली. कोपऱ्यातली रिकामी खुर्ची आपली, हे कळल्यावर बाई तिच्यावर जरा बसूनही पाहत होत्या, तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला.

दवाखान्यात कामाला जाणारा कंपाउंडर होता तो. रोज नऊ पस्तीसला हनुवटी उचलून बाईंना नमस्कार करणारा. हेल्मेटमुळे डोकं वाचलं होतं, पण खांद्याचं हाड मोडलं होतं आणि मोटारसायकल दहा पावलं पुढे आडवी पडली होती. बाई धावत पोचल्या. त्यानं वर पाहिलं. चिडून नव्हे, खरंच नवल वाटून त्यानं विचारलं, "बाई, कुठे होतात तुम्ही?"

दुपारी मॅनेजरनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. अहवालात दुचाकीस्वाराची चूक लिहायची होती आणि पुरावा समोर होता. कंपाउंडरचा मागचा लाल दिवा एकदाही लागला नव्हता. त्यानं ब्रेकला हातच लावला नव्हता. मॅनेजर म्हणाले, बघा, सरळ घुसला. बाईंनी आपल्या रजेच्या दिवसाचं सहा नंबरचं रेकॉर्डिंग दाखवायला सांगितलं. तिथे एकूण एक दुचाकीचा दिवा दांड्याच्या कितीतरी आधी लागत होता. मग सातचं, कालचं, परवाचं. तिथे एकही दिवा नाही.

सात नंबरचा दांडा खाली येतच नाही, हे या माणसांना कुणी शिकवलं होतं? त्यांनीच. रोज, न चुकता, दोन वर्षं. ज्या पायानं वाचवलं असं त्या समजत होत्या, त्याच पायानं सगळ्यांचे ब्रेक काढून घेतले होते.

त्यांनी मॅनेजरना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीला आला होता. त्यानं दार लावून घेतलं आणि हे कुठे लिहू नका म्हणून बजावलं. ॲम्ब्युलन्सचं पेडल असं वापरलं हे वर कळलं तर ऑफिसही जाईल आणि नोकरीही. कडेची वाट उघडायचं त्याच्या हातात नव्हतं. बोर्ड लावणं होतं, तो त्यानं लावला. दुचाकीस्वारांनी सावकाश जावे. दोन वर्षं सुसाट जाणारा माणूस बोर्ड वाचत बसतो की काय!

नव्या मुलीला बाईंनी पेडल दाखवलं. तिनं दोन तास इमानदारीनं करून पाहिलं. स्क्रीन बघावी तर हेल्मेट सुटायचं, हेल्मेट बघावं तर टॅग अडायचा. ती म्हणाली, मावशी, तुम्हाला जमलं, मला नाही जमणार. रागवावं असं तिच्या बोलण्यात काही नव्हतं.

मग बाईंनी शिकवलेलं विसरायला लावायचं ठरवलं. दुचाकी लांब असतानाच दांडा मुद्दाम खाली येऊ द्यायचा, म्हणजे ती थांबेल. लोक करकचून थांबले, चरफडले, काही जण बाईंना वाटेल ते बोलले. दुसऱ्या दिवशी परत तसेच सुसाट. त्यांना वाटलं, काल यंत्र बिघडलं होतं. तिसऱ्या दिवशी एक तरुण आई मागे लहान मुलीला बसवून आली, आणि दिवा काही लागेना. बाईंनी शेवटच्या क्षणी पेडलवर पाय मारला. त्यानंतर तो प्रयोग त्यांनी सोडून दिला.

नवरा याच लेनमधून जायचा. कारखान्यात फिटर, सकाळी नऊ वाजून दहाला, पुढे कंपनीची बस आणि मागे चिकटून हा. त्या रात्री जेवताना बाईंनी त्याला पेडलचं सांगितलं. त्याला आधी हसू आलं, मग कौतुक वाटलं. "एवढी वर्षं माझ्यासाठी पाय धरून बसलीस? मग काळजी कसली? तू आहेस ना तिथे."

"पहिल्या तारखेपासून नाहीये मी तिथे," बाई म्हणाल्या.

त्यानं ब्रेक दाबीन म्हणून वचन दिलं, अगदी मनापासून. सकाळी दिवा लागला नाही. संध्याकाळी तो स्वतःच ओशाळला. म्हणाला, ठरवलं होतं गं, पण हात गेलाच नाही. बाईंनी तीन दिवस त्याला आठवण केली आणि तीन दिवस तो विसरला. हा तर घरचा माणूस. बाकीच्या चाळीसेक जणांना कोण आणि कुठे सांगणार?

एकतीस तारखेला बाईंनी बदलीचा कागद परत केला. मॅनेजरनी कारण विचारलं, त्यांनी घरगुती असं लिहिलं. किती दिवस, असंही त्यानं विचारलं. बाईंनी कागद त्याच्याकडे सरकवला. बाहेर आल्यावर त्या सिमेंटच्या ठोकळ्यांपाशी थांबल्या आणि पहिल्यांदाच, कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता, रडल्या.

नवऱ्यानं घरी आकाशपाताळ एक केलं. पाय गमावशील, अक्कल गहाण ठेवलीस का, एवढी खुर्ची चालून आली ती लाथाडलीस. माझ्यापायी असलं काही करायचं नाही, म्हणाला. मग न जेवताच झोपला.

पहिल्या तारखेला नऊ वाजून दहाला कंपनीची बस आली, गेली. बाईंनी पाय दाबला. मागून नवरा आला, आणि काय आश्चर्य, त्याचा लाल दिवा लागला. मोटारसायकल बरोबर खिडकीसमोर थांबली. त्यानं हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. चेहऱ्यावर रात्रीचा राग होता आणि आपण जिंकल्याचा आनंदही.

"थांबलो की नाही? बघ नीट. आता काढ पाय आणि उतर तिथून. मी तुला ऑफिसात सोडूनच पुढे जाणार."

मागे सात-आठ दुचाक्या एकावर एक येऊन अडल्या आणि हॉर्न वाजायला लागले.

"अहो," बाई म्हणाल्या, "तुम्ही दांड्याखाली उभे आहात."

त्यानं वर पाहिलं. उघड्या डोक्यावर हातभर अंतरावर दांडा बारीक थरथरत होता. मग त्यानं खिडकीतून आत, टेबलाखाली पाहिलं. सुजलेला घोटा त्याला दिसला. हेल्मेट चढवून हळूच पुढे गेला.

त्याच्या जागी दुसरा आला, त्याच्या मागोमाग तिसरा. कुणाचाही दिवा लागला नाही. बाईंचा पाय होता तिथेच राहिला.